वैशीची चानकी

चानकी म्हणजे काय, हे आता वर्गात विचारलं तर चार-दोन मुलीच हात वर करतात. सगळ्या भाकरी थापून झाल्या की काठवटीत मूठभर पीठ उरतं. त्याची घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकरासाठी तळहाताएवढी भाकरी करतात, ती चानकी. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि जीवशास्त्राच्या बाईंना भाकरीचं काय पडलंय असं पोरांना वाटतं. वाटू दे. मेंदू कसा घडतो हा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय आणि दर वर्षी त्या धड्याला मला रुमाल काढावा लागतो. मग मी फळ्याकडे तोंड करते, काढलेलीच आकृती पुन्हा गिरवत बसते, आणि पोरं समजतात मॅडमना सर्दी झाली.

तिसगावात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे शहाबादी फरशीचा ओटा, मागे न्हाणी आणि शेवग्याचं झाड. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले होते आणि नाना त्याबाबतीत आजोबांच्याही वरताण. अंगारा, उतारा, देवऋषी हे शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नसत. त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "कारणाशिवाय काही होत नाही." दूध नासलं, सायकलची चेन पडली, मला गणितात कमी मार्क पडले, की नाना कारण शोधायला बसायचे आणि सापडल्याशिवाय उठायचे नाहीत. आई मिरजगावची, चौथीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी. तिचं बोलणं सगळं भाकरीतून. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मला थापण्याचा आवाज यायचा, आधी जड, मग पीठ पसरेल तसा हलका आणि भराभर. शेवटची चानकी असली की आवाज एकदम बारीक व्हायचा. तेवढ्यावरून मला कळायचं की आता उठायला हवं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं नाहीतर शेंगोळे, लसणाचा ठेचा. आमच्याकडचं खाणं म्हणजे एवढंच, पण काय चव होती! आता डॉक्टरांनी ठेचा बंद केलाय. मी चोरून खाते.

मी नववीत असताना वैशाली झाली. एवढी घोडी लेक घरात असताना पुन्हा दिवस गेले म्हणून आई लाजून ओट्यावर यायची नाही. मलाही शाळेत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण पोर अशी गुटगुटीत आणि हसरी निघाली की गल्लीतल्या बाया तिला पळवून न्यायच्या. माझी चानकी बंद होऊन वैशीची सुरू झाली. चांगली चौदा वर्षांची मी, तरी पहिल्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग ती बसायला लागली, हात धरला की चालायला लागली आणि बोलायलाही लागली. तिचे पाच शब्द होते. आई, ताई, मम, भूभू आणि टाटा. नानांनी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवले होते.

आता ते सांगायलाच हवं. दहावीची परीक्षा संपली होती. शाळेमागच्या चिंचेखाली वैशीला कडेवर घेऊन मी काठीनं चिंचा पाडत होते. टाचा उंचावल्या, तोल गेला आणि ती माझ्या कडेवरून सटकून दगडावर पडली. डोक्यावर आपटली. क्षणभर तिचा आवाजच निघाला नाही, आणि मग जी रडली! कपाळाच्या वर केसांत लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी हापशावर नेऊन गार पाणी लावलं, केस पुढे ओढून ते झाकलं, चिंच चाटायला देऊन तिला गप्प केलं. घरी मी काहीच बोलले नाही. संध्याकाळपर्यंत पोर हसायला लागली होती, मग कशाला उगाच, असं म्हणून मीही विसरले.

तो उन्हाळा सरता सरता वैशीचे शब्द जायला लागले. आधी टाटा गेलं. मग भूभू. कुत्रं समोर येऊन बसलं तरी ती त्याच्या आरपार कुठंतरी बघायची. मम गेलं, ताई गेलं. मी तिच्यापुढे बसून "म्हण की गं, ताई म्हण," करत राहायचे, रडकुंडीला यायचे. आई हा शब्द सगळ्यात शेवटी गेला. हातातला खुळखुळा तिला धरता येईना. नानांनी वही काढली आणि कारण शोधायला बसले.

शेवगावची आत्या आली. ती म्हणाली, "पोटुशी आसताना गिरानात हिनं इळी हातात धरली आसंल. मी तवाच म्हनले हुते." नाना ताडकन उठले. "अक्का, हे असलं या घरात बोलायचं नाही." आत्या फणकारून पिशवी उचलून निघून गेली. मला नानांचा असा अभिमान वाटला! पण आत्या वळणाआड जाते न जाते तोच नाना आईकडे वळले.

"ग्रहणबिहण सोड. पण काहीतरी झालंच असणार. पडली होती का?"

"न्हाई ओ."

"आदळली? ताप डोक्यात गेला? काय खायला घातलंस?"

"आपन खातो त्येच की."

"नीट आठव. दिवसभर पोर तुझ्यापाशी असते. कारणाशिवाय काही होत नाही."

मी चुलीपाशी बसून ऐकत होते. तोंड उघडावं आणि सांगावं, चिंचेखाली पडली, माझ्या हातून पडली. नाही उघडलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग रोजच हा जाब सुरू झाला. जेवताना, शाळेतून आल्यावर, नाना वही घेऊन विचारायचे आणि आई खाली मान घालून "न्हाई ओ" म्हणायची. पुढे पुढे ते विचारेनासे झाले, नुसते तिच्याकडे बघायचे. ते बघणं जास्त वाईट होतं. मी तशी फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध, मास्तरांची पोरगी कुणाला भीत नाही म्हणायचे. एवढी भित्री होते मी.

आणि मग एके सकाळी चमत्कारच झाला. आई भाकरी करत होती, शेजारी भिंतीला टेकून वैशी बसलेली. एकाएकी तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर आणले आणि थापायला लागली. थाप, थाप, थाप. आईनं पिठाचे हात तसेच वर केले आणि ओरडली, "अगं बया! नंदे, अवो, या की हिकडं! भाकर थापती वैशी!" नाना दाढीच्या साबणासकट आले. मी आले. वैशी थापत होती, आईच्या लयीत. तिचे शब्द गेले होते पण काम शिकली होती! नाना म्हणाले, "बघून शिकतेय म्हणजे डोकं ठीक आहे." आई पदर डोळ्याला लावून हसत होती. मी तिच्यापुढे बसून टाळ्या वाजवल्या, "अशीच थाप गं माझी बाय," म्हणून तिला चेव आणला. दिवसभर आणत होते. त्या दिवशी आमच्या घरात सणासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या हातात पिठाचा गोळा दिला. तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. हात मात्र थांबले नाहीत. पिठाशिवायच ती थापत राहिली, सकाळपासून झोपेपर्यंत, रोज. झोपेत तेवढे हात थांबायचे. तळव्यांची साल निघायची, आई खोबरेल लावायची. हळूहळू आमच्या सगळ्यांच्या ध्यानात आलं की यात काहीतरी बरं नाही, पण कुणी तसं म्हणालं नाही. आईनं तर मनावरच घेतलं होतं. रोज शेवटचा गोळा ती वैशीच्या दोन तळव्यांत धरायची, वरून आपले हात लावायची आणि थापायची. वेडीवाकडी, कडेला फाटलेली चानकी व्हायची. "ही वैशीनं केली बरं का," म्हणून ती नानांच्या ताटात तुकडा ठेवायची. नाना मुकाट्यानं खायचे. त्या तुकड्यापुढे त्यांची वही चालायची नाही. मला वाटतं, त्या वर्षांत आई जी उभी राहिली ती त्या चानकीवर.

एकदा वैशीला पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. यष्टीत ती पूर्ण वाट थापत होती. डॉक्टर म्हातारे होते, बराच वेळ तिचे हात बघत बसले. आईनं मोठ्या उमेदीनं सांगितलं, "भाकर थापती, डाक्टरसाहेब. माझं बघून शिकली." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वैशीकडे. "छान थापते," म्हणाले. नानांना बाजूला घेऊन त्यांनी इंग्रजीत काही सांगितलं आणि चिठ्ठीवर एका परदेशी डॉक्टरच्या नावाचा आजार लिहून दिला. कारण अजून कुणाला माहीत नाही, औषध नाही. परत येताना नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कारण माहीत नाही म्हणजे काय! कारण असतंच." ती चिठ्ठी पुढे मी माझ्या पुस्तकात ठेवली.

नगरला बी.एस्सी.ला गेले तेव्हा लोकांना मी सांगायचे, मला विज्ञानाची ओढ आहे. ओढ कसली, मला सुटायचं होतं. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी जनुकं शिकवली. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण कोणतं कधी जागं व्हायचं आणि कोणतं गप्प बसायचं, यावर त्या पेशीचा डोळा होतो की काळीज. आणि मेंदूचं हे काम जन्मानंतरही संपत नाही, चालूच राहतं.

मी उठून विचारलं, "सर, एखादं जनुक बिघडलेलं असेल तर ते जन्मल्याबरोबर कळतं का?"

"त्याचं काम ज्या वेळी लागणार, त्या वेळी कळेल," सर म्हणाले. "तोवर सगळं व्यवस्थितच दिसणार."

मी खाली बसले. तोवर सगळं व्यवस्थित. पाच शब्द, खुळखुळा, हसणं. म्हणजे चिंचेचा दगड नसेलही. पण "नसेलही" वर कुणाची सुटका होते?

मी तिसऱ्या वर्षाला असताना वैशी गेली. सातवं चालू होतं तिला. अलीकडे तिचा श्वास मध्येच अडकायचा, चालणं कधीच सुटलं होतं. हिवाळ्यातली सकाळ होती, मी सुट्टीला घरी होते. आईनं भाकरी केल्या, चानकीचा गोळा राखून ठेवला आणि तिला उठवायला गेली. हात शांत होते म्हणून आधी तिला वाटलं, अजून झोपलीय. "झोपू द्या, झोपू द्या थोडी," म्हणून ती पांघरूण सारखं करून परत चुलीपाशी आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा ओरडली. तो ओरडा मी लिहीत नाही.

वैशी गेल्यावरही आईची चानकी थांबली नाही. रोज शेवटचा गोळा ती तसाच, दोन तळव्यांत बारीक थापायची. वैशीच्या छोट्या ताटलीत ठेवायची, दुपारी स्वतः दुधात कुस्करून खायची. कावळ्याला नाही, गाईला नाही. नाना बघायचे. हे नेम-धरमातलं आहे का नाही, ते त्यांना ठरवता येत नसावं. एकदा मी म्हटलं, "आई, कशाला गं?" तर म्हणाली, "तिचा हात बसलाय न्हवं या पिठात. करायची आपली."

मी पुण्याला एम.एस्सी.ला होते, शतक संपत आलं होतं. आमच्या मॅडमनी परदेशी मासिकातल्या एका लेखाची झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाल्या, "तू या आजाराविषयी सारखी विचारत असतेस ना?" चिठ्ठीतलंच नाव. कारण सापडलं होतं. एक जनुक. त्याचं काम म्हणजे दुसऱ्या जनुकांना कधी गप्प बसायचं हे सांगणं. तेच बिघडलेलं. आईबापात नसलेला, नव्यानेच झालेला बदल. पडण्याचा संबंध नाही, तापाचा नाही, खाण्याचा नाही. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले आणि संध्याकाळची वाटसुद्धा न बघता यष्टी पकडली. नगरपर्यंत उभी होते. माझ्याइतकी आनंदी बाई त्या यष्टीत दुसरी नसेल. मला वाटत होतं, मी आईची सुटका घेऊन चाललेय.

नाना शाळेत होते. आई ओट्यावर बाजरी पाखडत होती. मी चप्पलसुद्धा न काढता सुरुवात केली. तिला कळावं म्हणून माळ्यावरची भांडी आणली. म्हटलं, घरात सगळी भांडी असतात, पण लग्नाचं पातेलं रोज काढतो का आपण? कोणतं कधी काढायचं, कधी परत ठेवायचं, हे सांगणारी एक बाई लागते.

"मंग ती बाई आलीच न्हाई?"

"आली, पण तिला कामच येत नव्हतं. सगळी भांडी एकदम खाली. त्यात कुणाची चूक नाही, आई. तुझी तर नाहीच नाही."

आई पाखडत राहिली. मग मी ते सांगितलं, जे सात वर्षं सांगितलं नव्हतं. चिंच, काठी, दगड, टेंगूळ. नाना तुला विचारायचे तेव्हा मी गप्प बसले, तेही. सांगताना माझा हुंदका फुटला.

आईनं सूप खाली ठेवलं. "पोरं पडत्यातच की," ती म्हणाली. बस, एवढंच. माझ्या सात वर्षांचं ओझं तिनं कोंड्यासारखं बाजूला केलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आता वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं.

"आनि हात?" तिनं विचारलं.

मी उठून बसले, परीक्षेत येणारा प्रश्न आल्यासारखी. "हात हीच तर या आजाराची खूण आहे! या आजाराच्या जगभरच्या मुली असंच करतात. जपानात, जर्मनीत, कुठंही."

"तिथं भाकर करत्यात?"

"नाही गं."

"मंग त्या काय थापत्यात?"

"काही नाही. हात नुसते हलतात. त्यांच्या हातातच नसतं ते."

ती सुपातली बाजरी बोटांनी इकडची तिकडे करत राहिली.

"मंग आपली वैशी पन भाकर थापत नव्हती?"

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि "छान थापते" म्हणाले. मला बावीस वर्षांच्या पोरीला झेरॉक्स मिळाली होती. मी म्हटलं, "नाही, आई."

"व्हय का," ती म्हणाली, आणि सूप उचललं.

संध्याकाळी नानांना सांगितलं. त्यांनी झेरॉक्स दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. "म्हणजे कारण होतं," असं पुटपुटले. आईकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही. जेवताना मान वर न करता म्हणाले, "भाजी छान झालीय." उभ्या जन्मात त्यांनी भाजीला छान म्हटलं नव्हतं. आईनं अजून वाढली. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की हा नवा बदल बहुतेक वेळा बापाकडच्या पेशीत होतो. नाना तेव्हा हयात होते, आठवड्याला फोन करायचे, "नवीन काही निघालं का?" म्हणून विचारायचे. मी म्हणायचे, नाही नाना, काही नाही. एवढं शहाणपण तोवर आलं होतं, पण ते मला कशानं आलं ते मलाच ठाऊक. उंदरांमध्ये ते जनुक पुन्हा जागं केलं तर आजारी उंदीर सुधारतात, हेही पुढे वाचलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेही घरी कुणाला सांगितलं नाही.

पण ही सांगायची गोष्ट त्याच्या आधीची, झेरॉक्स नेली त्याच्या दुसऱ्या सकाळची. मी अंथरुणात जागी होते. थापण्याचा आवाज येत होता, आधी जड, मग हलका. एक भाकरी, दुसरी, तिसरी. तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. मी बारीक आवाजाची वाट बघत पडून राहिले, तो आला की उठायचं म्हणून. तो आलाच नाही. काठवट भिंतीला उभी केल्याचं ऐकू आलं, हात धुतल्याचं ऐकू आलं. मी उठून आत गेले. वैशीची ताटली फळीवर पालथी घातली होती. आईनं मला ताट वाढलं, माडग्याची वाटी, ठेचा, आणि वरची भाकरी. राखून ठेवायचं पीठ तिनं शेवटच्या गोळ्यातच मिसळलं होतं. त्या दिवशी शेवटची भाकरी जाड झाली होती, मध्ये जरा कच्ची. ती माझ्या ताटात आली, आणि मी ती सगळी खाल्ली.